शमुवेलचा झगा

माधव नगर, उज्जैन
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,

सलाम. हे पत्र तू शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचणार आणि वाचून झालं की फाडून टाकणार, तेव्हा दाजींना नमस्कार आणि देवश्रीला आशीर्वाद तोंडीच पोचव. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. प्रकाशची कंबर पावसाळ्यात धरली होती, ती एकदाची सुटली. रुचिर शनिवारी इंदूरहून येतो, मळक्या कपड्यांची पिशवी दारात टाकतो, मोबाईल घेऊन आडवा होतो आणि रविवारी संध्याकाळी धुतलेली पिशवी घेऊन परत जातो. याला हल्ली कॉलेज म्हणतात. दिवाळी तोंडावर आलीय, त्यात महाकालची गर्दी, त्यामुळे गावात पाय ठेवायला जागा नाही. परवा एक ऑटोवाला मला म्हणाला, "माताजी, उधर नहीं जाएगा." बेचाळिसाव्या वर्षी माताजी! घरी येऊन आरशात बघितलं. त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

तुझं पत्र पोचलं. फोन देवश्रीच्या हातात असतो म्हणून आता शाळेच्या पत्त्यावर लिही, हे कळलं. इतक्या वर्षांनी पाकीट आणायला पोस्टात गेले तर काउंटरवरची बाई "चिट्ठी? किसको?" असं विचारून माझ्याकडे बघतच राहिली. तू जे लिहिलं आहेस त्याच्याकडे येतेच. आधी शब्बाथशाळेची गंमत ऐक.

या सहामाहीत आम्हाला संदेष्टे आहेत. दर रविवारी उपासनेच्या आधी, चर्चच्या मागच्या खोलीत माझा वर्ग असतो. मुलं शास्त्रातली नावं मराठीत शिकतात आणि भांडतात हिंदीत. मागच्या महिन्यात एलीयाचा पाठ झाला. त्याला भाकर आणून देणारा कावळा सौरभला केला होता. त्याने काळी ओढणी पांघरली, पंख हलवत निघाला आणि एलीयापर्यंत पोचेस्तोवर अर्धी पोळी स्वतःच खाऊन टाकली. विचारलं तर म्हणतो, "आंटी, कौआ भी तो भूखा होगा." पाठाच्या पुस्तकात प्रत्येक पाठाखाली एक प्रश्न असतो, 'आज मी काय करीन?' त्या दिवशी सगळ्यांनी एकसुरात उत्तर दिलं की आम्ही वाटून खाऊ.

काल शमुवेलचा पाठ होता. तुला सगळं माहीतच आहे. हन्नाला मूल नाही, ती रडून देवाकडे मागते, बोलते की दिलंस तर तुलाच परत देईन. मुलगा होतो, त्याचं दूध तुटलं की ती त्याला शिलोच्या मंदिरात एली याजकाकडे सोडून येते. आणि मग दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेते. तो मुलगा पुढे संदेष्टा होतो. मी हे सांगत असताना आमची श्रुती, आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, हात वर करून उभी राहिली.

"आंटी, वो तो दूर रहता था ना? मम्मी तो साल में एक बार आती थी. फिर उसको नाप कैसे पता चलता था?"

मी म्हटलं, "आईला कळतं गं."

"मेरी मम्मी को तो नहीं पता चलता. हर बार टाइट लाती है."

सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि फळा स्वच्छ होता तरी पुसायला वळले.

तू लिहिलंस की देवश्रीने तुला अगदी हेच विचारलं. तू तिला दुकानात उभी करून कपडे घेतेस तरी बाही उसवावी लागते, आणि उज्जैनच्या मावशीने न बघता शिवलेला नाताळचा फ्रॉक मात्र दर वर्षी बरोबर बसतो, असं कसं? तू काहीतरी थाप मारलीस, ती तिने गिळली नाही. आणि म्हणून तू म्हणतेस की यंदा फ्रॉक पाठवू नकोस आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिचं दृढीकरण आहे, ती मंडळीपुढे विश्वासाची कबुली देणार, त्यालाही येऊ नकोस.

मला माप कसं कळतं ते तुला कधी सांगितलं नाही. मी स्वतःला आठवते. आठवीत माझे खांदे एकदम रुंद झाले होते आणि आई वैतागली होती, आठवतं? माझा डावा खांदा किंचित उतरता आहे, म्हणून तयार कपडा माझ्या अंगावर नेहमी एका बाजूला ओढला जातो. तिचाही तसाच असणार असं धरून मी कापते. आजवर चुकलं नाही.

ती माझ्या पोटची आहे, हे मी कागदावर पहिल्यांदाच लिहिते आहे. चौदा वर्षांत तोंडानेही उच्चारलं नाही. हे पान आधी फाड.

तुझा पाळणा दोनदा रिकामा राहिला होता. तू हवापालट म्हणून माझ्याकडे आलीस, तेव्हा मला दिवस गेले होते आणि रुचिर पायात पायात करत होता. तू माझ्या पोटाकडे बघायची नाहीस, भिंतीकडे बघून बोलायचीस. एका रविवारी चर्चमधून येताना मीच म्हटलं, "ताई, हे तुझं." तू मागितलं नव्हतंस, कुणीही मागितलं नव्हतं. प्रकाशलासुद्धा मी नंतर सांगितलं. तो म्हणाला, "देवापुढे बोललीस ना, मग झालं." तू तिला घेऊन गेलीस तेव्हा माझं दूध आटलं नव्हतं. चोळी भिजायची, मी बदलायची, पुन्हा भिजायची. इथल्या जुन्या बायकांना सगळं ठाऊक आहे. त्यांच्यातल्या एकीनेही कधी तोंड उघडलं नाही.

आपलं ठरलं होतं ते मी मोडलेलं नाही. आई तू, मावशी मी. मी तिला कधी जास्त वेळ मांडीवर घेतलं नाही. सुट्टीत आलात तरी तिचे केस विंचरायला तुलाच बसवलं. फक्त हा एक फ्रॉक मी स्वतःकडे ठेवला होता.

कापड घेऊन झालंय, ताई. दृढीकरणाचा म्हणून पांढरा. भैरवगढला गेले होते, दर वर्षी जाते त्याच छापेवाल्याकडे. पांढऱ्यावर फक्त काठाला बारीक निळ्या कळ्या छापून घेतल्या. तो दर वेळी विचारतो, "बिटिया कितनी बड़ी हो गई, बहनजी?" पहिल्या वर्षी त्याने 'बिटिया' म्हटलं आणि मी दुरुस्त केलं नाही. तेव्हापासून त्या दुकानात मी आई आहे. तो ठसे ठोकत असतो आणि मी त्याला सांगत बसते की ती यंदा आठवीत गेली, गणितात हुशार आहे, कारली खात नाही. सगळं तू फोनवर सांगितलेलं. वर्षातून एकदा तेवढा अर्धा तास मला मिळतो. तू 'पाठवू नकोस' असं एका ओळीत लिहिलंस. त्या ओळीत माझं काय काय गेलं ते तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं.

प्रकाशला तुझं पत्र दाखवलं. त्याने वाचून घडी घातली आणि म्हणाला, "ताई पाठवू नको म्हणतायत ना, मग नको पाठवू." दर नाताळला पार्सल स्वतः पोस्टात नेऊन देणारा हाच माणूस.

हन्नाचं एक बरं होतं, ताई. झगा घेऊन गेली की शमुवेलला माहीत असायचं की ही कोण.

मला थोडा वेळ दे. मी तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही, पण आज लगेच हो म्हणायला मला जमत नाही.

तुझी,
जयू


माधव नगर, उज्जैन
१३ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

सलाम. तुझं दुसरं पत्र आलं. तू रडून लिहिलंस हे अक्षरावरून कळलं. दिवाळी झाली, शेजाऱ्यांकडून फराळाची ताटं आली, रुचिरने एकट्याने संपवली. आता नदीवर कार्तिक मेळा लागेल. थंडी पडायला लागली आहे. प्रकाशने कपाटातून स्वेटर काढला, आणि त्याला कसर लागली म्हणून दोष मला.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. वाचताना घाबरू नकोस, शेवटपर्यंत वाच. देवश्रीने मला फोन केला होता.

त्याच्या आदल्या दिवशीचं आधी सांगते, नाहीतर तुला कळणार नाही मी कुठे अडकले ते. रविवारी शमुवेलचा पुढचा पाठ होता. देव त्याला नावाने हाक मारतो आणि एलीच्या घराबद्दल फार वाईट बातमी सांगतो. सकाळी शमुवेल दारं उघडतो पण एलीला ते सांगायला घाबरतो. ज्याने वाढवलं त्याला असं कसं सांगायचं? मग एलीच त्याला म्हणतो, बाळा, माझ्यापासून काही लपवू नकोस. मी मुलांना विचारलं, संदेष्टा म्हणजे कोण? सौरभ लगेच म्हणाला, "ज्योतिषी!" उज्जैनचीच मुलं ती, गल्लोगल्ली पाट्या बघतात. मी म्हटलं, नाही रे राजा, पुढचं सांगणारा नव्हे. समोरच्याला आवडो न आवडो, खरं ते सांगणारा. 'आज मी काय करीन?' या प्रश्नाखाली मी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिलं: मी खरं बोलेन. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

सोमवारी दुपारी मी तोच पांढरा फ्रॉक मांडीवर घेऊन बसले होते. हो, शिवत होते. पाठवायचा नाही असं मनाशी ठरवलं होतं, तरी शिवत होते. अनोळखी नंबर होता.

"मावशी, मी देवश्री. मैत्रिणीच्या फोनवरून करतेय. आईला सांगू नकोस."

मला वाटलं तुला काही झालं. म्हटलं, "अगं, आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मावशी, मला एक विचारायचंय. मामाकडे भिंतीवर तुझा शाळेतला फोटो आहे ना, तो माझ्या मैत्रिणीने, पूजाने बघितला. ती म्हणाली, देवश्री, हा तुझा फोटो कधी काढला?"

मी हसले. म्हटलं, "तेव्हा मी बरी दिसायचे तर."

ती नाही हसली. म्हणाली, "मावशी, दृढीकरणाला मला सगळ्यांसमोर उभं राहून कबुली द्यायचीय. त्याच्याआधी मला खरं माहीत पाहिजे. तू माझी आई आहेस का? माझ्यापासून लपवू नकोस."

तिला आमच्या पाठाचं काहीच माहीत नव्हतं, ताई. तरी एलीचेच शब्द तिच्या तोंडून आले. तिचा श्वास मला ऐकू येत होता. चौदा वर्षं मी हा प्रश्न मनात घोकला होता. बसमध्ये, स्वयंपाकघरात, प्रार्थनेच्या मध्येच. आणि ती विचारेल तेव्हा मी हो म्हणेन, असं मी प्रत्येक वेळी स्वतःला सांगितलं होतं. तुला शब्द दिलेला असतानासुद्धा.

मी म्हटलं, "वेडी की काय तू! मावशी आहे मी तुझी. तुझी आई आणि मी सख्ख्या बहिणी, मग चेहरा माझ्यावर गेला तर त्यात नवल काय? रुचिर नाही का मामाची कॉपी?"

तिकडे ती रडायला लागली. हुंदके देऊन, लहान मुलासारखी. मी म्हणतेय, अगं काय झालं, अगं बाळा. आणि मग ती म्हणाली, "मी किती घाबरले होते, मावशी. मला वाटलं, आई माझी नाहीच. मी रोज प्रार्थना करत होते की तू नाही म्हण."

मी खोटं बोलले, ताई. आणि माझ्या खोट्याने माझ्या मुलीला असा आनंद झाला की तो मला अजून ऐकू येतोय.

ती मग भराभर बोलायला लागली. केकचं, गाण्याच्या प्रॅक्टिसचं, पाळकसाहेब कबुली पाठ करून घेतात त्याचं. शेवटी म्हणाली, "आणि फ्रॉक पाठव हं. आई म्हणते, यंदा दुकानातून घेऊ. मला तुझाच पाहिजे." मी हो म्हटलं. आता हे तुझ्या शब्दाबाहेर आहे की नाही ते मला कळेनासं झालंय.

प्रकाशला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, पिशवी घेतली आणि दूध आणायला गेला. दूध सकाळीच आणून झालं होतं. परत आला तेव्हा पिशवी रिकामीच होती, डोळे लाल होते. मी त्याला म्हटलं, आता मी कुठल्या तोंडाने मुलांपुढे उभी राहू? फळ्यावर लिहिलं काय आणि केलं काय? पाळकीणबाईंना सांगते, दुसरी शिक्षिका बघा. तो म्हणाला, "जो खोटं बोलला त्याने शिकवायचं नाही असं ठरवलं तर शब्बाथशाळेला कुलूपच लावावं लागेल." तेव्हा या रविवारी मीच वर्ग घेणार आहे. आमोस आहे. फार रागावलेला संदेष्टा, मला थोडा जड जाईल.

फ्रॉक आज पाठवते आहे, तुझ्या शाळेच्या पत्त्यावर. खांद्याच्या दोन्ही शिवणी मी काल उसवल्या. तुला शिवण येत नाही हे तुमच्या अख्ख्या नगर शहराला माहीत आहे, पण तेवढं तू कर. तिला समोर उभी कर, टाचण्या लाव, मागे सरून बघ, पुन्हा लाव. ती कंटाळेल, हलेल, तू ओरडशील. ते सगळं होऊ दे. मला आठवणीने करावं लागायचं, तुला ती समोर उभी आहे. डावीकडे किंचित उतरतं घे. विचारलंच तर दप्तराच्या ओझ्याने झालं म्हण.

यापुढे मी शिवणार नाही. भैरवगढलाही जाणार नाही, कारण तो छापेवाला विचारेल आणि मला आता त्याला खरं सांगावं लागेल. दृढीकरणाला येत नाही. त्या रविवारी आम्ही दोघं इथेच उपासनेला बसू.

रागावून लिहीत नाहीये. खरंच नाही. तुला वाटायचं की एक दिवस मी तिला परत मागेन. मलाही कधी कधी तसं वाटायचं, तुझी भीती काही उगाच नव्हती. आता ती सोड. मागण्यासारखं माझं तिथे काही नाही हे मी तिच्याच तोंडून ऐकलं. ज्या मुलीला आई आपली नसण्याचीच एवढी धास्ती वाटते, तिला आई मिळालेली आहे.

तरी एक सांगते, मोठी बहीण म्हणून नाही, देवश्रीची आई म्हणून ऐक. आज तिला नको आहे म्हणून मी बोलले नाही. पण ती मोठी होईल, तिला स्वतःची मुलं होतील, आणि एक दिवस ती पुन्हा विचारेल. त्या वेळी मला नाही, तुला विचारेल. तेव्हा तू लपवू नकोस. मी असेन की नसेन, त्याची वाट बघू नकोस. आणि सांगताना तिला हे आधी सांग की ती नकोशी होती म्हणून नाही दिली. मुलगी होती म्हणून तर मुळीच नाही. ती जन्मायच्या आधीपासून मला हवी होती, आणि हवी होती म्हणूनच तुला देता आली. एवढं एक तुझ्याकडे ठेव. बाकीचं हे पत्र फाड.

तिचं दृढीकरण झालं की मला कळव. फोटो लगेच नको, थोड्या दिवसांनी पाठव. आणि त्या दिवशी घरी आल्यावर तिची दृष्ट काढ. आपल्यात करत नाहीत हे मला माहीत आहे, आईसुद्धा चोरून करायची. तूही चोरून कर.

प्रकाशचा तुम्हा तिघांना सलाम.

तुझी जयू,
तुझ्या लेकीची मावशी